मूळ. टाकू नये

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, झाकणावरचं चित्र गंजानं अर्धं खाल्लेलं. आत ‘पुढारी’च्या पिवळ्या पडलेल्या पानात गुंडाळलेलं काहीतरी जड, थंड. वर सुतळीची गाठ, गाठीत अडकवलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आबांचं उजवीकडं झुकलेलं अक्षर : मूळ. टाकू नये.

कागद सोडला आणि आधी वास आला. पेट्रोल केव्हाच उडून गेलं होतं. मागं राहिला होता त्याचा जुनाट, गोडसर, वार्निशसारखा माग, आणि त्या मागावरून मी चालत गेले थेट राजारामपुरीतल्या आमच्या अंगणात, जिथं प्राजक्ताचा सडा चुकवत आबा गाडीशी जायचे, चोक ओढायचे, चावी फिरवायचे, इंजिन दोनदा खाकरायचं आणि तिसऱ्यांदा लागायचं, आणि निळसर धुरात कोवळं ऊन क्षणभर दिसण्याजोगं व्हायचं, हात लावता येईल इतकं.

मग आबा माझ्याकडं बघून हसायचे.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, 1976 ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण आमच्या घरात, गल्लीत, अख्ख्या कोल्हापुरात तिला कुणी पद्मिनी म्हटलं नाही. ती फियाट. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढं सलग बाक, त्या बाकावर आबा आणि आईच्या मधे मी. आणि डब्यातली ही वस्तू म्हणजे तिचा पहिला कार्बोरेटर, सोलेक्सचा. कधीतरी एका गॅरेजमध्ये “हा आता संपला” असं सांगून तो काढला गेला आणि दुसरा बसवला गेला. गाडी चालत राहिली, पण चढाला दम धरेनाशी झाली आणि तिचा आवाज परका झाला. आबा त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी काढलेला भाग मागून घेतला, पुसला, गुंडाळला, चिठ्ठी लिहिली.

आबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

डबा घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात गेले. तिथल्या गल्ल्यांतून चालताना मला नेहमी वाटतं, आपण एखाद्या मोठ्या घड्याळाच्या आत शिरलो आहोत. एका शेडमधून भाजलेल्या वाळूचा वास, दुसरीतून लेथची संथ घरघर, दारात निळसर झाक असलेले लोखंडाचे वेटोळे. याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि 1920 साली त्यांची ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. वस्तू उघडून तिच्या आत बघण्याची असोशी या गावाच्या बोटांतच आहे.

मेस्त्रींचं वय सत्तरीपुढचं. त्यांनी कार्बोरेटर तळहातावर घेतला, दोनदा खालीवर केला, जसं बाजारात पेरू घेताना करतात. मग स्क्रू सोडले, झाकण काढलं आणि आतले भाग एकेक करून ओल्या फडक्यावर मांडले. पितळी फ्लोट त्यांनी गरम पाण्यात बुडवला. एका बाजूनं मोत्यासारखा बुडबुडा सुटला, मग दुसरा. “हितनं श्वास घेतोय बघा,” ते म्हणाले. त्या जागी कथलाचा एकच थेंब दिला, कारण जास्त दिला तर फ्लोट जड होतो आणि पेट्रोलची पातळी बदलते. जेटमध्ये मात्र त्यांनी तार घातली नाही. “तारंनं भोक मोठं हुतंय, ताई. मग सगळा हिशोब चुकला.” ब्रशचा एक केस त्यांनी त्यातून अलगद ओढून घेतला आणि जेट माझ्या हातात दिला. त्याच्यावरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. मी तो डोळ्याला लावला.

एवढ्याशा पितळेत आभाळ होतं.

या छिद्राची मूळ गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीच्या गाड्यांत नुसतीच पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेत आणि जी वाफ मिळेल तिच्यावर भागवत. मग 1893 साली विल्हेल्म मायबाखनं बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा हवेच्या वाटेत सोडला. दहाव्या वर्षी पोरका झालेला, रॉयटलिंगेनच्या आश्रमात वाढलेला मुलगा तो. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका या दोघांनाही हेच सुचलं, आणि सांगतात की ते एका फुलवालीमुळं, फुलांवर तोंडानं पाणी फवारणाऱ्या. खरं-खोटं कोण जाणे. पण अंबाबाईच्या देवळाबाहेर गजरेवाल्या बायका ओल्या बोटांनी मोगऱ्यावर पाण्याचे थेंब झटकतात, तेव्हा मला त्या परक्या शहरातली ती बाई आठवते, आणि वाटतं, ही कल्पना इथंही कुणाला सुचली असती. मायबाखचं नाव तर आपण दर दसऱ्याला घेतो. दसरा चौकात, सोन्याच्या पानांसाठी ताटकळलेल्या गर्दीत कुणीतरी म्हणतंच, “मेबॅक आली!” विल्हेल्मच्या मुलाच्या कारखान्यात घडलेली छत्रपतींची ती गाडी हळूहळू पुढं येते, टाचा उंचावतात, पोरं खांद्यावर चढतात. जर्मनीतल्या एका पोरक्या पोराचं आडनाव शमीच्या आणि आपट्याच्या पानांत मिसळून जातं.

चौथ्या दिवशी मेस्त्रींनी बोलावलं. कार्बोरेटरचं राखाडी अंग उजळलं होतं, काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्याचा तळ सपाट केला होता. पण त्यांनी बोट ठेवलं ते थ्रॉटलच्या दांड्यावर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की फिरतो तो हा दांडा. त्यांनी तो चिमटीत धरून हलवला. टक, टक. अगदी बारीक आवाज.

“ह्यात कचरा न्हाय, ताई. झीज हाय. हितनं हवा ओढतंय, म्हणून स्लो धरत नसणार गाडी.”

आणि मला एकदम दिसला आबांचा उजवा पाय. बिंदू चौकात, दसरा चौकात, जिथं जिथं गाडी थांबायची तिथं त्यांची चप्पल अ‍ॅक्सिलरेटरवर थरथरत असायची, इवलंसं दाबत, सोडत, दाबत. ती त्यांची सवय आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती सवय नव्हती. गाडी विझू नये म्हणून ते तिला जागं ठेवत होते. शेजारी आई भाजीचा हिशोब सांगत असायची, मी खिडकीतून बाहेर बघत असायची, आणि त्या एका अंगठ्यावर आमचं सगळं घर उभं असायचं, न कळता, न थांबता, सिग्नल सुटेपर्यंत.

“झीज काढली तर गाडी चालंल,” मेस्त्री म्हणाले. “तशीच ठेवायची आसंल, तर मग कपाटात ठेवा.”

मी बराच वेळ काही बोलले नाही. लेथ थांबला होता. बाहेर कुणीतरी चहाचे ग्लास विसळत होतं. त्या टक-टकीत आबांची किती वर्षं होती! पन्हाळ्याच्या चढावर पेट्रोलची वाफ व्हायची, गाडी बंद पडायची. पंपावर ओलं फडकं टाकून आम्ही वडाखाली बसायचो आणि आबा मला ढगांची नावं विचारायचे. गगनबावड्याचं धुकं, जोतिबाचा गुलाल. त्या सगळ्यातून हा दांडा फिरत गेला होता, केसाएवढा केसाएवढा झिजत.

“काढा,” मी म्हणाले.

त्यांनी भोक मोठं करून पितळी बुश बसवलं, नवा दांडा ओतला नाही, घडवला; लेथवर, माझ्यासमोर. जुना मला कागदात बांधून दिला. तो मी डब्यात ठेवला, चिठ्ठीसकट.

एक लिटर पेट्रोल जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते, हे कळलं तेव्हापासून मला त्या गाडीकडं नुसतं यंत्र म्हणून बघता येत नाही. आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. वजनात धरलं तरी एका भागाला जवळजवळ पंधरा भाग हवाच. म्हणजे आम्ही रंकाळ्याच्या वाऱ्यावर फिरलो, मळीच्या वासावर, पंचगंगेच्या पुरानंतरच्या ओल्या, जड हवेवर. ती सगळी हवा या एवढ्याशा गळ्यातून आत गेली होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी कार्बोरेटर पुन्हा गाडीला बसवला. मी चोक ओढला, चावी फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं. तिसऱ्यांदा लागलं. मेस्त्री बॉनेटवर वाकून, कान कलता करून, स्क्रू ड्रायव्हरनं स्लोचा स्क्रू एवढा एवढा फिरवत राहिले. आवाज उंच होता तो उतरत उतरत एका जागी येऊन थांबला, सलग, खालच्या पट्टीतला, ओळखीचा. माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. थरथरत होता.

“पाय काढा, ताई.”

मी हळूच पाय उचलला.

गाडी चालू राहिली. कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास वाऱ्यावर आला होता, आणि तो आत ओढला जात होता.