फडके रस्त्यावरील पाडवा

वर्षप्रतिपदा हा वास्तविक घरचा सण. गुढी आपल्या दारीं, कडुनिंब आपल्या वाटींत. त्यास रस्त्यावर आणिलें डोंबिवलीनें. १९९९ सालीं तेथील श्रीगणेश मंदिर संस्थानानें नववर्ष स्वागतयात्रा काढिली. पुढें ठाणें, कल्याण व इतर शहरांनींहि तोच कित्ता गिरविला.

एरवीं ज्या फडके रस्त्यानें माणसें खालीं मान घालून गाडी गांठावयास धांवतात, तेथें त्या सकाळीं कोणासच घाई नसते. लेझीम, चित्ररथ, नऊवारी नेसून दुचाकीवर निघालेल्या फेटेवाल्या मुली! ढोलांचा अतिरेक मात्र आम्हांस रुचत नाहीं.

परंतु आमची खरी तक्रार निराळीच आहे. वाचकहो, या गर्दींत घरोघरच्या सासवा व थोरल्या जावा कितीशा दिसतात? त्या त्या वेळीं श्रीखंड घोटीत असतात. आमच्या मातुःश्रींनीं ही यात्रा वर्षानुवर्षें केवळ ऐकिली. ताशाच्या आवाजावरून ती कोठवर आली, हें त्या स्वयंपाकघरांतून अचूक सांगत.

यंदा धाकट्या सूनबाईंनीं श्रीखंड आदल्या रात्रींच घोटून ठेविलें आणि पुऱ्या दुपारवर लोटल्या. नैवेद्यास दोन तास उशीर झाला. मातुःश्री रस्त्याच्या कडेस खुर्चीवर बसल्या होत्या. पहिला चित्ररथ समोर येतांच त्या म्हणाल्या, "अगबाई, एवढे मोठे असतात होय हे!"