बुलेटचे पुढले शॉकअप

जुनी बुलेट घेऊन येणारा गृहस्थ इंजिनाविषयी सविस्तर बोलतो. पुढच्या शॉकअपची तक्रार मात्र ‘तेल गळतंय, सील तेवढं बदला’ एवढ्यावर उरकतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी मिळावी अशी अपेक्षा ठेवतो. वास्तविक सील हा या प्रकरणातला केवळ साक्षीदार असतो. गुन्हेगार बहुधा आतली नळी. तिच्यावरचा क्रोम जिथे उडाला तिथे गंजाचे सूक्ष्म खड्डे पडतात, आणि खालचा पाय त्यांवरून वरखाली घासू लागला की नव्या कोऱ्या सीलची रबरी कड फाटून थोड्याच दिवसांत तेल पुन्हा बाहेर येते. नळीवरून नख ओढून पाहावे. ते अडले, तर सील बदलण्याची घाई न करता नळी हार्ड क्रोमसाठी पाठवावी आणि ग्राइंडिंगने मूळ मापावर आणवून घ्यावी. हँडलला शोभणारा चकचकीत क्रोम येथे कुचकामी, कारण त्याचा थर अतिशय पातळ असतो.

मद्रासला 1955 साली एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली, त्या काळच्या बुलेटमध्ये या नळ्या वरच्या बाजूस हेडलाइटच्या ओतीव कवचातच आट्यांनी बसवलेल्या असतात आणि खालच्या टी-मध्ये बोल्टाने आवळलेल्या. आधी तो बोल्ट ढिला न करता वरून पाना लावणारे महाभाग पुष्कळ. त्यांच्या पराक्रमाची निशाणी आट्यांवर कायमची राहते. नळी सुटली की काचेच्या सपाट तुकड्यावर घरंगळून पाहावी. तिच्याखालून उजेडाची फट उघडमीट करू लागली, तर पूर्वी कधीतरी गाडी समोरून आदळली होती असे खुशाल समजावे, मग मालक काहीही जबानी देवो.

तेलाविषयी लोकांच्या मनात विलक्षण गैरसमज आहेत. भार पेलणे हे स्प्रिंगचे काम. दबलेली स्प्रिंग उसळून चाकाला नाचवू लागते, तिला आवर घालणे हे तेलाचे. बारीक छिद्रांतून जाताना तेल जो विरोध करते, त्यातच ही सारी किमया आहे. बीएमडब्ल्यूने 1935 साली आपल्या आर 12 या गाडीला तेलाने दमन करणारे टेलिस्कोपिक शॉकअप बसवले, त्यानंतर दोनएक दशकांत जुने गर्डर-पद्धतीचे सांगाडे जवळजवळ इतिहासजमा झाले. बुलेटच्या प्रत्येक पायात सुमारे 200 मिलिलिटर तेल लागते. ‘जरा जाड घाला, गाडी भारी वाटेल’ अशी फर्माईश करणाऱ्यास मी साफ नकार देतो; जाड तेलाने पाय सावकाश परततो, आणि एका खड्ड्यातून तो पुरता सावरण्याआधीच दुसरा खड्डा येऊन ठेपतो.

परंतु सर्वांत अवघड काम सुटे भाग निर्दोष झाल्यावर सुरू होते, कारण दोन्ही नळ्या स्वतंत्रपणे सरळ असूनही परस्परांशी समांतर नसू शकतात. म्हणून मी टी, एक्सलची पकड आणि मडगार्डचे बोल्ट अर्धवट आवळून ठेवतो, पुढला ब्रेक दाबून धरतो आणि हँडलवर भार देऊन शॉकअप अनेकवार दाबतो, जेणेकरून प्रत्येक भागाला आपली स्वाभाविक जागा शोधण्याची मुभा मिळावी. मग एकेक बोल्ट आवळत जातो आणि प्रत्येकानंतर पुन्हा दाबून पाहतो. एखाद्या बोल्टापाशी चाल जड झाली की तो ढिला करून कारण शोधावे लागते: कधी मडगार्डची पट्टी किंचित आखूड पडलेली असते, कधी एक्सल दोन्ही पायांना आत ओढत असतो. ताकद लावून जुळवलेला शॉकअप स्टँडवर उत्तम दिसतो आणि रस्त्यावर अडतो.

बाकावर बसून वाट पाहणाऱ्या मालकाला हा सारा वेळ रिकामा वाटतो. बिलात मी तो ‘जुळवणी’ या स्वतंत्र सदराखाली लिहितो. त्यावर कोणी हुज्जत घातली, तर सीलची किंमत माफ करतो. या रकमेत मात्र सूट देत नाही.