दुसरा हात

"यात औषध कुठंय?" टेबलावर पालथा पडलेला पेशंट मान वळवून हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे सुई म्हणजे इंजेक्शन, आणि इंजेक्शन म्हटलं की अंगात काहीतरी गेलंच पाहिजे. नाही तर पैसे कशाचे? ड्राय नीडलिंगची, म्हणजे औषधाविना सुई टोचण्याच्या उपचाराची, सुई मात्र भरीव असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. आत पोकळीच नाही, तर सोडणार काय? ठाण्यातली एक फिजिओथेरपिस्ट या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही. ती खांद्यावर बोटं ठेवते, शोधते, दाबते. "आई गं! हेच, हेच ते!" मग औषधाचा विषय मागे पडतो.

पेशंटचं सगळं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे असतं, कारण सुई तिथे असते. खरं काम डावा हात करतो. मान आणि खांदा यांच्यामधल्या ट्रॅपिझियस स्नायूवर तिची बोटं धाग्यांच्या दिशेने फिरत नाहीत, आडवी फिरतात. तसं फिरवलं की ताठरलेला पट्टा बोटाखाली सुतळीसारखा सरकतो आणि त्या पट्ट्यात गाठीसारखी एक जागा अशी लागते की माणूस दचकतो. नुसतं दचकणं तिला पुरत नाही. दाबल्यावर पेशंटचं नेहमीचं दुखणं जागं झालं पाहिजे. दाब खांद्यावर आणि ठणका कानशिलात, असं झालं तर ती सुईचं पाकीट फोडते. नाहीतर पुन्हा शोध.

दुखतं एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, याची सर्वांत मोठी गंमत कुल्ह्यात. ग्लुटियस मिनिमस हा तिथला छोटा, खोलवरचा स्नायू बिघडला की कळ मांडीच्या बाहेरच्या बाजूने थेट घोट्यापर्यंत उतरते. माणूस कमरेच्या एमआरआयची पिशवी घेऊन येतो आणि आल्या आल्या सांगतो, "माझी नस दबलीये." कधी खरंच दबलेली असते. म्हणून पाय उचलून बघणं, बधिरपणा आणि ताकद तपासणं आधी, सुई मागाहून.

डाव्या हाताकडे आणखी एक काम असतं: राखण. फुप्फुसाचं टोक हाडांच्या पिंजऱ्यात पुरतं मावत नाही, ते गळपट्टीच्या हाडाच्या थोडं वर डोकावतं. ट्रॅपिझियसमध्ये सुई सरळ खाली गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरू शकते. म्हणून ती स्नायू चिमटीत धरून वर उचलते आणि सुई चिमटीच्या आतल्या आतच चालवते. पाठीवर बरगडीच्या वरच्या आणि खालच्या फटीत एकेक बोट रोवायचं आणि सुई बरगडीच्याच रोखाने न्यायची. आयर्लंडमधल्या ३९ फिजिओथेरपिस्टांनी ७,६२९ उपचारांची नोंद ठेवली होती. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. सुमारे १९ टक्के वेळा काळंनिळं पडणं, थेंबभर रक्त, थोडं दुखणं अशा किरकोळ तक्रारी होत्या. गंभीर इजा एकही नव्हती. पण ते प्रशिक्षित हात होते. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतून प्रमाणपत्र घेऊन आलेल्याने सोमवारी छातीजवळ सुई धरू नये, असं तिचं ठाम मत आहे, आणि ते चुकीचं वाटत नाही.

सुई नेमकी लागली की स्नायू आतल्या आत उसळतो. पेशंट म्हणतो, "करंट दिलात का?" करंट नसतो. मज्जारज्जूमार्फत घडलेली ती क्षणिक प्रतिक्षिप्त क्रिया असते. ही उसळी आलीच पाहिजे की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

सुईचा हा प्रकार तसा जुनाच. १८९२ सालच्या आपल्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकात विल्यम ऑस्लर यांनी कंबरदुखीवर टोपीला लावायच्या लांब सुया निर्जंतुक करून दुखऱ्या जागी खुपसाव्यात, असं लिहिलं आहे. मॉन्ट्रियलचे साखरसम्राट पीटर रेडपाथ यांच्यावर त्यांनी हा प्रयोग केला. दर टोचणीला म्हातारबुवांनी शिव्यांची लाखोली वाहिली आणि ते तसेच लंगडत निघून गेले, असं ऑस्लर यांच्या चरित्रात वाचायला मिळतं. मॅकगिल विद्यापीठाला मिळू शकणारी मोठी देणगी हातची गेली, ही ऑस्लर यांची हळहळ वेगळीच.

पुढे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी दुखऱ्या गाठींचे नकाशे काढले. जॉन केनेडी यांच्या पाठीवर उपचार करणाऱ्या याच. पण त्या सुईतून भुलीचं औषध सोडत. १९७९ मध्ये चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी मात्र नुसत्या सुईचा हिशेब मांडला. सर्वांत दुखऱ्या बिंदूला सुई लागली तेव्हा ८६.८ टक्के वेळा, जागा बधिर न होता, दुखणं तिथल्या तिथे थांबलं. कार्यशाळांमध्ये हा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात. त्याच लेखातला दुसरा आकडा सहसा दिसत नाही: नंतर पाहिलेल्या २८८ जागांपैकी कायमचा आराम पडला तो ९२ ठिकाणी.

गाठीबद्दलही वाद आहेच. एकाच पेशंटला दोन तज्ज्ञांनी तपासलं तर दोघांची बोटं एकाच जागी थांबतील याची खात्री नाही. क्विंटनर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या सगळ्या सिद्धांतावरच प्रश्नचिन्ह लावलं. संशोधनाचा कल पाहिला तर थोड्या काळापुरता फायदा दिसतो, लांबच्या पल्ल्याचा पुरावा अशक्त आहे. ठाण्याच्या या बाई हे पेशंटपासून लपवत नाहीत. एक-दोन दिवस जागा आंबल्यासारखी दुखेल, शेकून घ्या, आणि मोकळी झालेली मान आजच हलवायला लागा, असं बजावतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तसं आधी सांगा, हेही.

तीच गाठ पुन्हा पुन्हा परत आली तर नवी सुई काढण्याआधी त्या पेशंटला उभं करून त्याच्या कामाची नक्कल करायला लावतात. पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या एका मावशींनी हवेतच पोळी लाटून दाखवली, तर उजवा खांदा कानाला भिडायला निघालेला. ओटा त्यांच्या उंचीच्या मानाने फारच वर होता. पायाखाली जाड फळी ठेवायला सांगितली. त्या दिवशी सुई लागलीच नाही, आणि फी द्यायची की नाही यावरून दोघींची दारातच बराच वेळ ओढाताण चालली.