उडी, सूर आणि कडेलोट

बर्फावर घसरत येऊन, पायांना बांधलेल्या फळीसकट एखाद्या कड्यावरून स्वतःला हवेत सोडून देणाऱ्या माणसाचे चित्रण पाहताना मला भीतीच्या आधी शब्दांची अडचण जाणवते. या क्रियेला मराठीत काय म्हणावे? कडा म्हटला की आपल्या भाषेला रायगडाचे टकमक टोक आठवते आणि त्यामागोमाग 'कडेलोट'. त्या शब्दात माणूस उडी घेत नाही; त्याला लोटले जाते. 'भृगुपात' स्वेच्छेचा खरा, पण तोही देह ठेवण्यासाठी. हिरकणीला आपण कडा उतरवला तो तान्ह्या बाळासाठी. निव्वळ हौसेने कड्यावरून उडी मारून हसत पुन्हा वर चढणारा माणूस आपल्या परंपरेत जवळजवळ नाहीच.

पाण्याच्या बाबतीत मात्र मराठी सढळ आहे. डोके पुढे करून मारतात तो सूर, गुडघे छातीशी घेऊन मारतात तो मुटका. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वाढलेल्यांना हे शब्द शिकवावे लागत नाहीत. आम्ही खडकावरून उड्या मारीत असू, पण एक रीत पाळून. पावसाळा सरला की आधी एकजण पोहत जाऊन बुडी मारी आणि तळाची मूठभर वाळू वर आणून दाखवी. पुराने वाळू सरकते. गेल्या वर्षीचा डोह यंदाचा नसतो. वाळू दिसल्याशिवाय सूर नाही. पाच मीटरवरून पाण्यापर्यंत पोचायला सुमारे एक सेकंद लागतो आणि तेव्हा वेग ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास असतो; एवढ्यात मत बदलायला सवड नसते.

गुलमर्गच्या उतारांवर फळी घेऊन जाणाऱ्यांची विद्याही याहून निराळी नसावी. खाली सपाटी नको, उतार हवा. उतारावर वेग पुढे घसरून जातो, सपाटीवर तोच गुडघ्यांत आणि मणक्यांत शिरतो. भुसभुशीत बर्फाखाली दगड दडला आहे का, तेही आधी पाहावे लागते. धाडसाचे कौतुक करणारे लेखन वरच्या टोकाविषयीच बोलते, ही माझी जुनी तक्रार आहे.

अंभोऱ्याला वैनगंगा आणि कन्हान मिळतात. (मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' इथला की अंबेजोगाईचा, हा वाद आपल्या वर्गांत पुरेसा झाला आहे.) पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्याची पूर्ण संचय पातळी २४५.५ मीटर. पाणी अडले तसे ते वरच्या अंगाला पसरत आले आणि आमचे खडक एकेक करून बुडाले. खडक जागचे हलले नाहीत, त्यांची उंची तेवढी नाहीशी झाली. पूर्वी नदीची पातळी महिन्यावरून सांगता येई; आता ती ३३ दरवाजांवर ठरते.

काठावर उडीच्या तयारीत उभ्या असलेल्या एका मुलाला मी मध्यंतरी विचारले, "खाली काय आहे रे?"

"पानीच त हाये जी," तो म्हणाला.

तिथे एक खडक आहे, असे मी सांगितले. तो थबकला आणि किती खाली, असे त्याने विचारले. दरवाजे त्या दिवशी किती उघडे होते, ते मला ठाऊक नव्हते.