दुखणे कपाळी, मूळ मानेत

बँकेतील सेवेची अखेरची दोन वर्षे उजव्या डोळ्यामागील ठणक्याने व्यापली होती. मानेतून निघालेली कळ डोक्यावरून चढत कपाळापर्यंत येई. चष्म्याचा नंबर तपासून झाला, पित्तावर औषधे झाली. मनात मात्र मेंदूतील गाठीची भीती घर करून होती. अखेर एका डॉक्टरांनी माझी मान सावकाश उजवीकडे वळवली आणि नेमकी तीच कळ उमटली.

मानेच्या वरच्या भागातील नसा आणि चेहऱ्याच्या संवेदना नेणारी नस यांचे संदेश मेंदू व मज्जारज्जू जेथे मिळतात तेथे एकत्र येतात. त्यामुळे व्यवहार एका खात्यातला आणि नोंद दुसऱ्याच खात्यात, असे घडते. नॉर्वेचे मज्जाविकारतज्ज्ञ ऑटार स्यास्टाड यांनी १९८३ मध्ये या विकाराचे वेगळेपण मांडले.

उपचार साधा, पण चिकाटीचा. फिजिओथेरपिस्टने शिकविलेले हनुवटी आत घेण्याचे व खांद्यामागील स्नायूंचे व्यायाम मी सहा आठवडे नेमाने केले. ठणका हळूहळू ओसरला.

पेढीवर तासन्‌तास मान वाकवून बसणाऱ्या बंधुभगिनींनी दर अर्ध्या तासाने उठावे, मोबाइल डोळ्यांच्या पातळीवर धरावा. केशकर्तनालयात मान मोडून घेऊ नये. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीस इजा होऊ शकते. डोकेदुखी एकाएकी तीव्र झाली, सोबत ताप आला, हातपाय बधिर झाले किंवा वाचा अडखळू लागली, तर मानेला दोष देत घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.