मुठीची निवड

शस्त्रांविषयी चार शब्द लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे वाचकांस वाटल्यास त्यांचा दोष नाही. आमची हयात वैतरणा येथे खाडीकाठच्या भातशेतीत गेली. विळा, कोयता आणि नांगर यांपलीकडे आमच्या घराण्याची शस्त्रविद्या कधी पोहोचली नाही. परंतु धाकटा भाऊ बाळ अमेरिकेत मॉन्टाना प्रांती स्थायिक होऊन तेथलाच नागरिक झाला. रानातल्या नद्यांचे पाणी मोजण्याचे त्याचे काम, आणि त्या रानात ग्रिझली अस्वले वावरतात. अस्वल पिटाळण्याचा तिखटाचा फवारा त्याच्या कमरेस असे. तज्ज्ञांचा पहिला सल्लाही तोच. पण भावजयीचे मन तेवढ्यावर स्वस्थ होईना. आम्ही त्यांच्याकडे पाहुणे असताना मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर घेण्याचे ठरले, आणि तेही जुन्या धाटणीचे. त्याची बांधणी दणकट. मात्र प्रत्येक बारास घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो.

अंगठा म्हणताच आमच्या पोटात धस्स झाले. बाळच्या उजव्या अंगठ्याचे पेर वाकत नाही. तो आठ वर्षांचा असता भातकापणीत विळा कोणी घ्यावा यावरून भांडण झाले आणि आम्ही तो हिसकला. पन्नास वर्षांत त्याने त्याचा उच्चार केला नव्हता, आम्हीही नाही.

परक्या देशच्या पाहुण्यास तेथे सहसा शस्त्र हाताळता येत नाही. सबब दुकानात आम्ही हात मागे बांधून उभे. प्रथम आले ते कोल्टचे 1873 सालच्या घाटाचे, 45 बोअरचे रिव्हॉल्व्हर. त्याच्या मुठीला तिकडे ‘नांगराची मूठ’ म्हणतात हे ऐकून घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. खरोखरच तिचा बाक आमच्या रुमण्याची आठवण करून देणारा! (ते रुमणे अजून आमच्या माळ्यावर आहे.) बार उडाला की ही मूठ हाताशी झुंजत नाही, तळहातात वर सरकते, नळी आभाळाकडे जाते, आणि धक्क्याचा बराच भाग त्या गिरकीत जिरतो. सुमारे 16 ग्रॅमची गोळी सेकंदाला अडीचशे मीटर वेगाने पुढे धावते, तेव्हा किलोभर लोखंडाने मागे उसळावे हा न्यूटनचा हिशेबच आहे. वजन वाढवावे तर उसळी कमी; पण दिवसभर तो भार कमरेस कोणी वाहावा? उरते ती मूठ. हिशेबातली रक्कम तिला कमी करता येत नाही. ती हाताच्या कोणत्या भागाच्या नावे मांडायची, एवढे मात्र तिच्या हाती असते.

अस्वलासाठी दुकानदाराने अधिक जोराचे 44 मॅग्नम सुचवले. त्या जोरापुढे नांगराची मूठ वाजवीपेक्षा जास्त फिरते व दर बारानंतर पकड नव्याने बसवावी लागते. मागच्या मैदानात बाळने एकेक चालवून पाहिले. एकाच्या चापाचे कडे मागून चौकोनी होते. दुसऱ्याच बाराला त्याने मधल्या बोटाचे पेर सोलले.

शेवटी बिस्ली मूठ आली. बिस्ली हे इंग्लंडातील नेमबाजीचे प्रसिद्ध मैदान. तेथील स्पर्धकांसाठी कोल्टने 1894 साली ही धाटणी काढली, आणि पुढे इतरांनी ती भारी काडतुसांसाठी उचलली. मूठ लांब, अधिक उभी, चापाच्या मागे वर चढलेली. ती फिरत नाही, सरळ मागे रेटते. घोडाही ठेंगणा व रुंद. बाळचा ताठ अंगठा त्यावर सपाट टेकला आणि घोडा निमूट मागे आला. पाच बार झाले. आम्ही गोळ्या कोठे लागल्या ते पाहिलेच नाही. अंगठाच पाहत होतो.

मुठीवर खवल्यांची नक्षी हवी की गुळगुळीत लाकूड, असे दुकानदाराने विचारले. नक्षी हातात रुतते, म्हणून बाळने गुळगुळीत मागितले, आणि आमच्याकडे न पाहताच मराठीत म्हणाला, “दादा, त्या विळ्याची मूठ फार झिजली होती. कुणाच्याही हातून निसटलाच असता तो.”

काय बोलावे आम्हांस सुचेना. यासाठी चामड्याचे म्यान केवढ्याला पडेल, असे आम्ही दुकानदाराला विचारले.