सुगरणीच्या खोप्यात सापडलेले सलीम अली

गेला आठवडा डोक्यात दुसरं काही नाहीच. भेटेल त्याला धरून मी एकच सांगतोय: सलीम अली वाचा!

नाव अर्थात ऐकलेलं होतं. मोठे पक्षितज्ज्ञ, पद्मविभूषण, बस्स. मग ऑगस्टमधल्या एका ओल्या सकाळी कोकणातल्या किहीमला, विहिरीवर झुकलेल्या शिंदीखाली उभा राहिलो आणि हललोच नाही. पिवळ्या टोपीचा एक नर भाताच्या पात्याला बिलगला, कडेला चोचीनं खाच पाडली, टोक पकडलं आणि थेट उडाला. पात्याची लांब, सारख्या रुंदीची चिरी सरकन सुटून त्याच्या मागे लहरत गेली! अर्धा विणलेला खोपा शिरस्त्राणासारखा लोंबत होता. तेवढ्यात मादी आली, आणि सगळ्या झाडावरच्या नरांनी पंख फडफडवत एकच गिल्ला केला. ती एका खोप्यात शिरली, इकडेतिकडे चोच मारून पाहिलं आणि निघून गेली. नापसंत! बहिणाबाईंच्या कवितेतून जिला आपण लहानपणापासून ओळखतो त्या सुगरणीचा खोपा विणतो तो नर. ती पारखते, पटला तर आत अस्तर घालते.

आणि सोबतचा मित्र म्हणाला, "हे सगळं सलीम अलींनी इथेच पाहिलं. याच किहीमला, १९३० साली."

तेव्हा त्यांना नोकरी नव्हती, हे घरी येऊन वाचलं. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधून रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकायला गेले. परतले तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. पत्नी तहमीना यांच्यासह ते किहीमला राहिले आणि दिवसचे दिवस हे खोपे बघत बसले. त्यातून उलगडलं ते असं, की मादीनं खोपा पसंत केला की नर त्याची लांब नळी पुरी करतो आणि लगेच पुढच्या मादीसाठी नवा खोपा विणायला घेतो. एकाच हंगामात एकामागून एक संसार! तोवर पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः मारून, पेंढा भरून, मोजमापं घेणं. हा माणूस जिवंत पक्ष्यासमोर बसून राहिला. तोही कोण, तर लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखता येईना म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेलेला मुलगा.

मला वाटतं, पुढचं सगळं त्या बसून राहण्यातून आलं. स्वातंत्र्यानंतर भरतपूरची पाणथळ जागा शेतीखाली आणायची मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंपर्यंत शब्द टाकला. ती जागा वाचली आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरली. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून सत्तरी ओलांडलेले सलीम अली ठामपणे उभे राहिले. धरण झालं नाही, राष्ट्रीय उद्यान झालं. १९७५ साली पन्नास हजार डॉलरचा गेटी पुरस्कार मिळाला, त्यातली बहुतेक रक्कम त्यांनी सोसायटीच्या निसर्गसंवर्धनाच्या कामाला देऊन टाकली. गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावरच्या खारफुटीच्या अभयारण्याला आज त्यांचं नाव आहे. तिथे मी दोनदा जाऊन आलोय, पाटी वाचून पुढे गेलोय. आता पुन्हा जाणार!

तुम्हीही पाऊस सरायच्या आत जवळची विहीर, शिंदी, बाभूळ गाठा. तासभर नुसते बसा. आणि एक विनंती: शोभेसाठी वाळका खोपा तोडून घरी आणू नका. सुगरणी गेल्यावर त्यात मुनिया राहायला येतात.